दगाभाऊचा खिळ्यांचा फळा

उभ्या नोकरीत माझं जेवढं भांडण दगा वना महाजनशी झालं तेवढं कुणाशीच झालं नाही, आणि तेही बॅटरीवरून. रोज सकाळी साडेसातला तो माझ्या स्टोअरच्या खिडकीशी उभा राहायचा आणि चारही वायरलेस सेट हातात घेऊन एकेकाचा दिवा निरखायचा. दिवा जरा मंद वाटला की सेट परत. मी म्हणायचो, अरे बाबा, दुपारपर्यंत आरामात चालेल. तो मान हलवायचा. मी तंबाखूची गोळी ओठात दाबून पुन्हा समजावायला लागलो की तो बोट दाखवून सांगायचा, आधी थुंका, मग बोला. एक साधा फळा सांभाळणारा माणूस स्टोअरकीपरला असं सांगतो म्हणजे काय? मला तो भारी शिष्ट वाटायचा.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची. प्लेगच्या सालानंतर सुरतेत जिकडेतिकडे खोदकाम चाललं होतं. आमच्या ठेकेदाराकडे भेस्तानजवळचं काम होतं, रेल्वेच्या रुळांखालून गटाराची मोठी लाइन न्यायची. वरून खणायची सोय नाही, म्हणून खाली बोगदा. मी अकोल्याकडचा, स्टोअर माझ्या ताब्यात. खोदणारे बहुतेक मराठीच, काही खानदेशचे, काही मराठवाड्याचे. त्यातले निम्मे आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबलेले.

बोगदा पुरुषभर उंच आणि तेवढाच रुंद. सिमेंटचे तुकडे जोडून मीटरभराची एक रिंग व्हायची, अशा रिंगांना रिंगा लागत चालल्या होत्या, आणि दर दहाव्या रिंगवर पांढऱ्या रंगात आकडा. आत एकच रूळ. त्यावर मातीची ट्रॉली, तिला वरचा विंच तारेच्या दोराने आत-बाहेर ओढायचा. ट्रॉली आली की माणसाला अंग चोरायलाही जागा नाही. म्हणून दर चाळीस रिंगांवर भिंतीत एक कोनाडा ठेवलेला. ट्रॉली हलण्याआधी आत चालणारा प्रत्येक जण कोनाड्यात उभा पाहिजे, नाहीतर पार टोकाला खोदणाऱ्या टोळीपाशी पोहोचलेला पाहिजे. हे बघणं दगाचं काम.

त्याच्यापुढे प्लायवूडचा लांब फळा होता. फळ्यावर बोगद्याची आडवी रेघ, रेघेवर दर पाच रिंगांना एक खिळा. प्रत्येक माणसाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. माणूस आत सरकेल तसा दगा बिल्ला पुढच्या खिळ्यावर टांगायचा. ट्रॉलीसाठी लाल रंगवलेला एक पत्र्याचा तुकडा होता, तोही तसाच पुढेमागे व्हायचा. एक सेट दगाकडे, एक टोकाच्या टोळीकडे आणि दोन ये-जा करणाऱ्यांकडे. कोनाड्याशी पोहोचलं की बटण दाबून सांगायचं. सगळे जागच्या जागी दिसले की दगा बेल द्यायचा आणि शेजारी बसलेला राघो विंच सुरू करायचा. राघो शिंदखेड्याचा, अंगाने आडवा, बेलशिवाय कशानेच न हलणारा माणूस.

दगा मूळचा साक्री तालुक्यातला. बावीस वर्षं त्याने उधन्याला आणि पुढे कडोदऱ्याला लूम चालवली. शेवटी कारखाना विकला गेला तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकला होता. राहायला नवागामला, घरी बायको पुष्पाबाई आणि बारावीत शिकणारी मुलगी सुषमा. माणूस हसरा, डोळ्यांत डोळे घालून बोलणारा. तुम्ही बोलत असलात की तो तुमच्या चेहऱ्यावरून नजर काढायचा नाही. मला त्याचा हा एकच गुण आवडायचा. आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं माणूस घरातसुद्धा मिळत नाही.

एके दिवशी पुष्पाबाई दुपारी डबा घेऊन साइटवर आली. दगा फळ्यासमोर पाठ करून बसला होता. तिने हाक मारली. परत मारली. मग तिने शांतपणे खाली वाकून एक खडा उचलला आणि त्याच्या पाठीत नेमका मारला. दगा वळला, तिला बघून हसला आणि डबा घेतला. हे सगळं इतक्या सवयीने झालं की मी खिडकीत बघतच राहिलो. परत जाताना ती माझ्याजवळ थांबली. मी पाहिलं हे तिने पाहिलं होतं.

"त्यासले ऐकू येत नही, भाऊ," ती म्हणाली. "कोनले सांगू नका. या वयमा बहिरा मानूसले कोन काम दी?"

मग तिने सांगितलं की लूमच्या खडखडाटात बावीस वर्षांत कान गेले. आवाज येतो, शब्द येत नाहीत. पण लूमवाले सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात, तिथे ओरडून काही उपयोगच नसतो, त्यामुळे समोरासमोर कुणाला पत्ता लागत नाही. पान-तंबाखूवाल्यांचं आणि मिशाळ माणसांचं तेवढं कठीण पडतं. जाताना हसून असंही म्हणाली की नवऱ्याच्या पाठीमागे उभं राहून त्याला हवं ते बोलायचं सुख सगळ्या नवागामात तिला एकटीलाच आहे.

ती हसत निघून गेली आणि मी खिडकीतच विचार करत बसलो. ज्या माणसाने सेटवरचं बोलणं ऐकून बेल द्यायची, त्यालाच बोलणं ऐकू येत नाही. सांगावं तर त्याच्या पोटावर पाय, न सांगावं तर कुणाच्या जिवावर बेतायचं. रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आपणच बघू.

आतल्या टोळीला हातमोजे द्यायचे आहेत असं सांगून मी सेट घेतला आणि उतरलो. आत हवेच्या पंख्याचा नुसता घोंगाट. सत्तावन्नाव्या रिंगला थांबून बटण दाबलं आणि वांग्याच्या भरताची कृती सांगितली. एकशे तीसला थांबून माझ्या मेहुण्याला चार शिव्या हासडल्या. परत येताना शंभरच्या आसपास थांबून काहीच बोललो नाही, नुसतं बटण दाबून धरलं. प्रत्येक ठिकाणी घड्याळात वेळ बघितली. वर राघोला मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझा बिल्ला कधी कुठे जातो ते टिपून ठेव, कारण विचारू नकोस. राघोने कारण विचारलं नाही, कारण विचारण्याचा त्याचा स्वभावच नव्हता.

वर येऊन कागद बघितला. पंचावन्न, एकशे तीस, शंभर. खिळे दर पाच रिंगांना असल्यामुळे सत्तावन्नचे पंचावन्न झाले होते, तेवढाच काय तो फरक. भरताबद्दल मात्र दगाने चकार शब्द काढला नाही.

मी त्याला बाजूला घेतलं, तंबाखू थुंकली आणि समोर उभा राहून विचारलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, पण मी हसतोय हे बघून तो सावरला. त्याने सांगितलं ते असं. सेट आले त्या पहिल्या दिवशी चाचणी म्हणून एक माणूस दर दहा रिंगांना थांबून बोलत गेला आणि दगाच्या हातात आकड्यांचा कागद होता. शब्द कळत नव्हतेच, पण आवाजामागची खरखर दर आकड्याला बदलत होती. माणूस जितका आत, तितकी खरखर दाट. सेट गालाच्या हाडाला लावला की ती जबड्यातसुद्धा जाणवते. मध्ये ट्रॉली उभी असली तर वेगळी, कोनाड्यात शिरलं तर वेगळी. कोण बोलतंय ते आवाजाच्या चालीवरून कळतं. अठ्ठेचाळीस लूम चालू असताना कुठल्या लूमचा धागा तुटला ते तो पाठमोरा ओळखायचा, त्यापुढे चार सेट म्हणजे काय. फक्त बॅटरी उतरली की खरखर खोटी येते. म्हणून दिवा हिरवागार पाहिजे.

त्या दिवसापासून मी चारही सेट घासूनपुसून, भरभरून चार्ज करून द्यायला लागलो. भांडण संपलं नाही, पण आता आम्ही ते आवडीने करायचो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे इंजिनिअर आले. योगेंद्र देवरे, वय चोवीस-पंचवीस, अमळनेरचे. घरी अहिराणी बोलत असणार, पण साइटवर पुस्तकी मराठी. वय झाकायला दाट मिशी ठेवली होती, वरचा ओठ पार बुडून गेलेला. मिशी नसली तर मुकादम जुमानत नाहीत असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. दगाची आणि त्यांची गाठ पडली की दगाला त्या मिशीतून एक अक्षर दिसायचं नाही. मग तो प्रत्येक गोष्टीला 'हो साहेब' म्हणायचा आणि काहीच करायचा नाही. मी मागाहून त्याच्यासमोर जाऊन तेच परत सांगायचो, पण दरवेळी मी कुठून पुरणार?

देवरेसाहेबांनी आठवडाभर घड्याळ लावून बघितलं आणि त्यांना दोष सापडला. आतला माणूस सेटवर 'पोहोचलो' सांगतो, तरी दगाभाऊ मिनिट-दोन मिनिटं बेल देत नाहीत. दिवसात दहा ट्रॉल्या कमी निघतात. त्यांनी मला विचारलं, हा माणूस डुलक्या घेतो का?

खरी गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगता येत नव्हती. आमच्या लोकांना 'पोहोचलो' म्हणायची खोडच होती. लूमवर शेठ दारातून डोकावला की चहा पीत बसलेला माणूससुद्धा 'चालू छे' म्हणून मोकळा व्हायचा, तीच सवय खाली बोगद्यात आलेली. वरच्या माणसाला ताटकळत ठेवू नये म्हणून निघतानाच 'पोहोचलो'. त्यात लबाडी नव्हती, उलट ती भलेपणाची रीत होती. घराच्या पायरीवर बसूनसुद्धा आपण 'हा काय, आलोच' म्हणतो, तसं. दगाला ते शब्द ऐकूच यायचे नाहीत. माणूस खरोखर कोनाड्यात शिरल्याची खरखर येईपर्यंत तो बिल्ला हलवायचा नाही.

शनिवारी देवरेसाहेब म्हणाले की सोमवारी फळ्यावर ते स्वतः बसून दाखवतील आणि मंगळवारपासून दुसरा माणूस. दगाला काय करायचं ते नंतर बघू. 'नंतर बघू' चा अर्थ साइटवर सगळ्यांना कळतो. दगाला मीच ते सांगितलं. रविवारी पुष्पाबाई माझ्या घरी येऊन गेली. तिला वाटत होतं, साहेबाला सगळं सांगून टाकावं. दगा मात्र नाही म्हणत होता. बहिरा म्हणून घरी जाण्यापेक्षा आळशी म्हणून गेलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. आळशाला दुसरीकडे काम मिळतं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला साहेब दगाच्या खुर्चीत बसले. सेट टेबलावर उभा ठेवला, आवाज पूर्ण सोडला. दगा बाजूला उभा होता, हात बांधून. मीही काहीतरी निमित्त काढून तिथेच घुटमळत होतो. पहिल्या तीन ट्रॉल्या झपाट्याने निघाल्या. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

चौथ्या वेळी भगवान आत चालला होता. हा परभणीकडचा, उंचापुरा, घसा नगाऱ्यासारखा. त्याला एकशेवीसच्या कोनाड्याशी थांबायचं होतं. सेटवर त्याचा आवाज आला, "पोचलो साहेब, सोडा ट्रॉली." मी स्वतः ऐकलं, स्वच्छ ऐकलं. साहेबांनी बिल्ला एकशेवीसवर टांगला आणि बेल दिली. राघोने विंच सुरू केला, दोर ताणला गेला आणि ट्रॉली आत निघाली. मिनिटभराने सेटवर शब्दांविना नुसतीच खरखर आली.

दगाने वाकून सेटजवळ गाल नेला. तो एकदम सरळ झाला, फळ्यावरचा बिल्ला बघितला आणि साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून विंचपाशी गेला. राघोचा हात बाजूला सारून त्याने लाल खटका खाली दाबला. विंच गचका देऊन थांबला.

साहेब ताडकन उठले. त्यांच्या बेलवर चाललेलं काम एका फळेवाल्याने थांबवलं होतं. ते बोलत होते, पण दगाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बिल्ला एकशेवीसवरून काढून पंचाण्णवच्या खिळ्यावर टांगत होता. मी साहेबांना म्हटलं, आधी खाली जाऊन बघू या, मग हवं तर आम्हा दोघांनाही काढा. सेटवर भगवानला हाक मारली तर उत्तर नाही.

आम्ही शिडी उतरून पळतच गेलो. ट्रॉली चौऱ्याऐंशीव्या रिंगला उभी होती. तिच्यावरून कसेबसे सरपटत पलीकडे गेलो तर बारा पावलांवर, शहाण्णवला, भगवान रुळावर बसला होता. पाठ आमच्याकडे. सेट शेजारी बटणावर पालथा ठेवून तो गमबुटातलं पाणी काढत होता. पंख्याच्या आवाजात त्याला ना ट्रॉली ऐकू आली होती ना आम्ही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला आणि ओशाळून हसला.

"पोचलोच व्हतो की सायब," तो म्हणाला. "हे एवढंसं राह्यलं व्हतं."

साहेब तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. मग स्वतःच्या हाताने भगवानचा बूट उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला.

वर आलो तेव्हा दगा फळ्याकडे तोंड करून उभा होता. साहेबांनी विचारलं, दगाभाऊ, तुम्हाला कसं कळलं? उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. राघो विंचकडे बघत राहिला, मी जमिनीकडे. साहेब हळूच पुढे गेले आणि दगाच्या खांद्याला हात लावला. दगा वळला, त्यांच्या मिशीकडे बघितलं, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि त्याला कळलं की आता लपवायला काही उरलं नाही.

"माले ऐकू येत नही, साहेब," तो म्हणाला. "बावीस वरीस लूमवर ग्यात, कान तठेच राही ग्यात. माले काढी टाका, पन एक ध्यानमा ठेवा. मानूस काय बोलस ते माले समजत नही, पन तो कोठे शे ते समजस. मानूस घाईमा 'पोचनू' म्हनस. खरखर तसं म्हनत नही."

मग मी सगळं सांगून टाकलं, भरताच्या कृतीसकट. राघोने खिशातून तो जुना कागद काढला. त्याने तो जपून ठेवला होता हे मलाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि त्या दिवसापुरतं काम बंद करून ते निघून गेले. काय ठरलं ते कुणालाच कळलं नाही. दगाने चारही सेट पुसून माझ्याकडे जमा केले आणि बिल्ले नंबराप्रमाणे लावून ठेवले, पुढच्या माणसाला सोपं जावं म्हणून. ते बघून मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प राहिलो होतो, आणि त्यालाच मी माझा मोठेपणा समजत होतो.

मंगळवारी सकाळी साडेसातला दगा नेहमीसारखा माझ्या खिडकीशी आला. सेट घ्यायला नाही, निरोप घ्यायला. पुष्पाबाई बरोबर होती, थोडी मागे उभी. मी त्याच्याशी काहीतरी बोलत होतो आणि तो माझ्या ओठांकडे बघत कपाळाला आठ्या घालत होता. तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल आली. हेल्मेट काढलं तर मी आधी ओळखलंच नाही. मिशी गेली होती. वरचा ओठ कोवळा, पांढुरका. चोवीस वर्षांचा माणूस सोळाचा दिसत होता. दोन मुकादम तोंड फिरवून हसले, साहेबांनी ते पाहिलं, पण ते थांबले नाहीत.

ते थेट दगासमोर येऊन उभे राहिले. साइटवर त्यांच्या तोंडून कुणी कधी अहिराणी ऐकली नव्हती. एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "आते दखास का, दगाभाऊ?"

दगा त्यांच्या आता स्वच्छ दिसणाऱ्या ओठांकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"दखास, साहेब," तो म्हणाला.

मग साहेबांनी त्याला सांगितलं की आजपासून पाचवा सेट राघोकडे. शब्द राघो ऐकेल, जागा दगाभाऊ सांगतील. दोघांचं जुळल्याशिवाय विंच हलणार नाही, मग साहेबांनी स्वतः बेल दिली तरी. मागून पुष्पाबाई काहीतरी बोलली. साहेब हसले, राघोही हसला. दगाने विचारलं, काय म्हणाली, तर कुणी सांगेना.

तो खिडकीकडे वळला आणि सेटसाठी हात पुढे केला. मी ते देताना म्हटलं की रात्रभर चार्जिंगला होते, आज नाव ठेवायला जागा नाही. तो पुन्हा तशाच आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

त्या पोराने एका रात्रीत आपली मिशी काढली होती. मला तर गेले सात महिने सगळं ठाऊक होतं. मी स्टोअरच्या मागच्या दाराने बाहेर गेलो, तंबाखू थुंकली, डबी नाल्यात टाकली, चूळ भरली आणि परत येऊन त्याच्यासमोर उभा राहून तेच वाक्य पहिल्यापासून सांगितलं.